गेमिंग लॅपटॉपवर सगळं होत नाही हो
'चांगला गेमिंग लॅपटॉप घ्या, सगळ्या प्लॅटफॉर्मचे गेम बनतील' हे गेम बनवण्यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ठीक, पण आयफोनसाठी गेम बनवायचं सॉफ्टवेअर गोडो असो की युनिटी, शेवटी हातात येतो एक्सकोडचा (ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट आणि एक्सकोड चालतं फक्त मॅकवर, वर स्टोअरवर टाकायचा तर ॲपलला दरवर्षी 99 डॉलर (गूगल प्लेला एकदाच 25).

मी जुन्याच आय5 लॅपटॉपवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना, गोडोत टूडी गेम करतो, कंपॅटिबिलिटी रेंडरर (साध्या मशीनवरही चालणारा, गेमचं चित्र पडद्यावर काढणारा भाग) लावला की मस्त चालतं. गेमिंग लॅपटॉप न घेतल्याने वाचलेल्या पैशात टेस्टिंगला स्वस्तातला अँड्रॉइड फोन घेतला, कारण लॅपटॉपवर सुसाट पळणारा गेम तिथे कसा रडतो ते बघायलाच हवं. आयफोनचं फारच मनावर घेतलं असेल तर सेकंडहँड एम1 चिपवाला मॅक मिनी (ॲपलचा छोटा डेस्कटॉप) बघा, 16 जीबी रॅमवाला मिळाला तर उत्तमच.