पडलेला शेअर घेण्याआधी रांग बघा

कर्ज फेडता न आल्यानं पुनर्रचनेत (देणी-कारभार नव्यानं बसवण्यात) असलेल्या रिटेल कंपनीचा पडलेला शेअर ही संधी आहे, हे तुमच्या लेखातलं म्हणणं मला पटत नाही. आमच्या दारव्हा तालुक्यात कापसाचे चुकारे हाती आले की पोरं मोबाइलवर असेच दोन-तीन रुपयांचे शेअर उचलतात, म्हणून कळकळीनं लिहितोय.

बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर रिटेलचं उदाहरण लेखात यायलाच हवं होतं. जागा भाड्याच्या, माल उधारीचा. 2022 मध्ये बरीच दुकानं भाडेकरारासकट रिलायन्सकडे गेली, त्याच वर्षी दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि 2024 मध्ये लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकण्याचा, आदेश निघाला. 2016 च्या दिवाळखोरी कायद्याचं कलम 53 वाचा, विक्रीचे पैसे वाटायची रांग त्यात आहे: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची थकबाकी आणि तारण घेतलेल्या बँका, पुढे इतर देणी. साधा भागधारक सगळ्यात शेवटी. नवा मालक मिळाला तरी जुने शेअर शून्य होऊ शकतात; गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएल कंपनीत 2021 ला तेच झालं. कंपनी वाचली, भागधारक नाही!

कर्ज किती, दुकानं स्वतःची किती, पुरवठादार अजून उधार देतात का, हे पुढच्या लेखात सविस्तर सांगा. इकडे पेरणीचा पैसा यात जातोय.