स्वतंत्र नियतकालिक कोणाच्या पैशावर चालते?

आम्ही काही मित्र अंबाजोगाईहून एक मराठी त्रैमासिक चालवतो. आंतरराष्ट्रीय घडामोडींवरचे विवेचन आणि समाजविज्ञानातील संशोधन असे त्याचे स्वरूप आहे. अंक हाती घेणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारसरणी विचारतो: तुम्ही डावे की उजवे, गांधीवादी की आंबेडकरवादी, कोणत्या पुढाऱ्याच्या जवळचे? हे विचारण्यात गैर काही नाही. पण त्याआधी विचारायला हवा असा दुसरा प्रश्न आहे आणि तो फार थोडे लोक विचारतात. अंक छापायला पैसे कोण देते? नियतकालिक स्वतंत्र आहे की नाही, हे माझ्या मते त्याच्या संपादकाला आलेला लेख परत पाठवता येतो की नाही यावरून ठरते. छपाईचा खर्च लेखकानेच दिलेला असेल, तर त्याचा लेख परत पाठवणे जवळजवळ अशक्य होऊन बसते.

शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास आम्हाला येणारे बहुतेक फोन सारखेच असतात. समोर तासिका तत्त्वावर शिकवणारे एखादे तरुण प्राध्यापक असतात. "सर, लेख पाठवायचा आहे, फी किती?" मी सांगतो की फी नाही, लेख दोन जाणकारांकडे वाचायला जाईल, लेखकाचे नाव त्यांना कळणार नाही, त्यांच्या सूचना आल्यावर तुम्हाला दुरुस्ती करावी लागेल आणि या सगळ्याला काही महिने जातील. पलीकडे क्षणभर कोणी बोलत नाही आणि मग आवाज उतरतो: "सर, मुलाखत पुढच्या महिन्यात आहे." असे फोन ठेवल्यानंतर मला त्या व्यक्तीचा राग कधीच आलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकपदाच्या उमेदवारांची छाननी करताना प्रकाशित झालेल्या प्रत्येक शोधनिबंधाला 2 गुण आहेत. विद्यापीठातील पदासाठी असे जास्तीत जास्त 10 गुण मिळतात आणि महाविद्यालयातील पदासाठी 6. वर्षानुवर्षे तासावारी मानधनावर घर चालवणाऱ्या माणसाला त्या 2 गुणांची किंमत काय असते, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये बसून पाहावे.

या गरजेवर एक मोठा व्यवसाय उभा राहिला. मुखपृष्ठावर "आंतरराष्ट्रीय" आणि "बहुविद्याशाखीय" असे शब्द, एका कोपऱ्यात आयएसएसएन क्रमांक, आत मृदाशास्त्रापासून संतसाहित्यापर्यंत सगळे एकाच अंकात, आणि लेख दिल्यापासून आठवड्याभरात प्रमाणपत्र. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक केवळ नियतकालिकाची ओळख पटवण्यासाठी असतो. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो आणि आतल्या मजकुराच्या दर्जाशी त्याचा काहीही संबंध नसतो, तरीही आमच्याकडच्या कितीतरी अर्जांत तो गुणवत्तेचा शिक्का म्हणून दाखवला जातो. आयोगाने हे थांबवण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. 2017 मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली, मे 2018 मध्ये तिच्यातून 4305 नावे वगळण्यात आली, त्याच वर्षाच्या अखेरीस 'केअर' नावाची नवी व्यवस्था आली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली. आता दर्जा ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर आली आहे. यादी संपली याचे मला दुःख नाही. यादीत नाव असणे म्हणजे वाचण्याजोगे असणे, ही समजूत तिच्यामुळेच रूढ झाली होती. दुःख याचे आहे की या सगळ्या वर्षांत लेख वाचला कोणी, हे विचारण्याची गरज कोणत्याच पायरीवर कोणाला पडली नाही.

म्हणून आम्ही एक नियम घालून घेतला आहे: ज्याच्याकडून लेख घ्यायचा त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि ज्याच्याकडून देणगी घेतली त्याचा लेख त्या वर्षी छापायचा नाही. राहता राहिली वाचकांची वर्गणी. हा मार्ग आम्ही शोधून काढलेला नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघाले तेव्हाही ते वर्गणीदारांच्याच भरवशावर निघाले होते. सचिन चौधरींनी 1949 मध्ये मुंबईत सुरू केलेले 'इकॉनॉमिक वीकली' 1966 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली' झाले आणि एकाच अंकात चालू घडामोडींवरची टिप्पणी व गंभीर संशोधन शेजारी शेजारी नांदू शकते, हे त्याने दाखवून दिले. आमच्या मनातला अंकाचा आराखडा तोच आहे. आणि दूर मुंबईकडे पाहण्याचीही गरज नाही: तेव्हाच्या औरंगाबादहून गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचे नियतकालिक दीर्घकाळ चालवले. ज्यांचे लेखन प्रस्थापित मासिके छापत नव्हती अशा लेखकांच्या पिढ्या त्यातून पुढे आल्या. त्या अंकांना कोणत्याही यादीची मान्यता लागली नव्हती.

आता एका आक्षेपाविषयी. अंबाजोगाईत बसून जगाविषयी काय लिहिणार, असे मला सुशिक्षित माणसांनीच विचारले आहे. दिल्लीत दूतावास आहेत, परराष्ट्र धोरणावरच्या संस्था आहेत. तुमच्याकडे काय आहे? आमच्याकडे सोयाबीन आहे. 2024 च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता. त्या सप्टेंबरमध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केले. तेल महागले, पण लातूरच्या बाजारात सोयाबीनचा दर हमीभावाखालीच राहिला. असे का झाले, हे समजण्यासाठी सोयाबीनच्या दाण्यात तेल पाचवा हिस्साही नसते आणि उरलेली बहुतेक पेंड असते, इथून सुरुवात करावी लागते. पेंडेचा भाव ब्राझील आणि अर्जेंटिनातल्या पिकावर हलतो. शिवाय देशात मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्तात येऊ लागला आणि पेंडेची मागणी आणखी घटली. मे 2025 च्या अखेरीस शुल्क पुन्हा 10 टक्क्यांवर आणले गेले. कापसाचे उदाहरण याहून ताजे आहे. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले ते 27 ऑगस्ट 2025 पासून. त्याच्या आठवडाभर आधी भारताने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क स्थगित केले आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. निर्यात करणाऱ्या कापड उद्योगाला दिलासा म्हणून घेतलेल्या या निर्णयाचा भार परभणी-जालन्याच्या वेचणीच्या हंगामावर पडणार होता. वॉशिंग्टन, दिल्ली आणि परभणी जिल्ह्यातल्या मानवतचा बाजार एका लेखात एकत्र आणणारा लेखक मला दिल्लीच्या संस्थेत सापडण्याची शक्यता कमी आहे. तो इथेच सापडेल, फक्त त्याला आकडे तपासायला वेळ आणि चुकलेले दाखवणारा जाणकार मिळाला पाहिजे.

जग आमच्याकडे भावाच्या रूपानेच येते असेही नाही. हैदराबाद संस्थानाची तक्रार ऑगस्ट 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे गेली होती आणि 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती परिषदेपुढे आली. दुसऱ्याच दिवशी, 17 सप्टेंबरला, निजामाच्या फौजा शरण आल्या. म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून ज्या दिवशी आम्ही ध्वज फडकवतो, त्याच्या आदल्या दिवशी आमचे भवितव्य सुरक्षा परिषदेच्या पटलावर होते. 22 सप्टेंबरला निजामाने तार करून तक्रार मागे घेत असल्याचे कळवले, तरी तो विषय परिषदेच्या कार्यसूचीतून लगेच गेला नाही. आमच्या शाळेत रझाकारांचे अत्याचार शिकवले गेले, आणि ते शिकवायलाच हवेत. माझ्या घरातही त्या आठवणी आहेत. परंतु भारतीय लष्कराच्या त्या 'पोलीस कारवाई'नंतर संस्थानात जे घडले त्याची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती, उस्मानाबाद आणि नांदेडकडेही ती फिरली, तिने मृतांचा किमान अंदाज 27 ते 40 हजार असा दिला आणि तिचा अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही, हे मात्र मला कोणी शिकवले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच लेखात, कागदपत्रांच्या आधाराने आणि कोणाचीही वकिली न करता मांडणारा मजकूर आम्ही छापला तेव्हा काही वर्गणीदारांनी अंक बंद केला. एका ज्येष्ठ वाचकाने मात्र आपल्या वडिलांच्या आठवणी लिहून पाठवल्या, ज्या लेखातील एका मुद्द्याच्या विरोधात जाणाऱ्या होत्या, आणि त्या आम्ही पुढच्या अंकात जशाच्या तशा छापल्या. त्या अंकाची सगळी छपाई एखाद्या साखर कारखान्याच्या जाहिरातीवर अवलंबून असती, तर यातले काहीच घडले नसते.

कारखान्याचा उल्लेख आला म्हणून बीडविषयी बोलतो. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि चौकशी समिती नेमली गेली. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना या महिलांबरोबर काम करत आल्या आहेत. 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वृत्तपत्राने त्याच साखरेचा माग बहुराष्ट्रीय शीतपेय कंपन्यांपर्यंत काढला आणि ती बातमी इंग्रजीतून मराठीत भाषांतरित होऊन आमच्याकडे परत आली. त्या पत्रकारांचे श्रम मोठे आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण धारूर-वडवणीच्या तांड्यांवरचे ज्ञान मराठीत आधी, पद्धतशीरपणे आणि तपासून लिहिले गेले असते, तर उचल (कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम), कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी), मुकादम (मजूर पुरवणारा) आणि कारखाना यांच्यातला व्यवहार इतक्या संक्षेपाने उरकला गेला नसता. समाजविज्ञानाच्या विभागांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या प्रबंधांत असे क्षेत्रकार्य आहे. ते ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहते, कारण त्यातून काढलेला निबंध फी देऊन चार पानांत उरकला जातो आणि 2 गुण मिळाल्यावर त्याचे काम संपते.

व्यवहाराच्या अडचणी थोडक्यात सांगतो. 1 मार्च 2024 पासून लागू झालेल्या नव्या नियतकालिक कायद्यात शास्त्रीय, तांत्रिक आणि विद्याविषयक नियतकालिके नोंदणीच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत, तर सार्वजनिक घडामोडींवर भाष्य करणारी आत. आमच्यासारख्या दोन्ही प्रकारच्या अंकाला आपण कोणत्या बाजूचे हे ठरवावे लागते. नोंदणीकृत पुस्तक-टपालाची स्वस्त सेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाल्यापासून अंक पोचल्याची खात्री करून घेणे महाग झाले आहे. संकेतस्थळ चालवण्यासाठी मात्र चांगल्या मुक्त प्रणाली फुकट उपलब्ध आहेत, आणि जुने अंक सर्वांना विनामूल्य वाचता यावेत असा आमचा प्रयत्न आहे.

खरी चणचण परीक्षकांची आहे. दुसऱ्याचा लेख वाचून त्यावर दोन पाने टीप लिहायला ना मानधन, ना गुण, ना कोठे नाव; तरीही नांदेड, परभणी आणि कोल्हापूरचे काही निवृत्त प्राध्यापक हे काम करतात. लेखकाच्या तळटिपा उघडून मूळ कागद तपासतात आणि नाकारलेल्या लेखालाही तो कसा सुधारता येईल हे लिहून पाठवतात. त्यांच्या टिपा वाचून ज्या तरुणांनी लेख पुन्हा लिहिले, त्यांच्यातले काही आता स्वतः परीक्षक झाले आहेत.

पुढच्या अंकासाठी आम्हाला तीन विषयांवर लेख हवे आहेत: 2016 मध्ये मोझांबिकबरोबर झालेला तुरीचा आयात करार आणि मराठवाड्यातली तूर; आखाती देशांत गेलेल्या आपल्या भागातील कामगारांची कुटुंबे; आणि निजामकाळातील उर्दू-मोडी महसूल दप्तरांची आजची अवस्था. लेख मराठीत असावा, फी नाही, निर्णयाला वेळ लागेल आणि नकारही येऊ शकतो. महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना वेगळी विनंती आहे. वार्षिक वर्गणीची रक्कम एका चांगल्या संदर्भग्रंथाच्या किमतीपेक्षा कमी आहे. ती ग्रंथालयाच्या तरतुदीतून भरावी, प्राध्यापकांच्या खिशातून नको, आणि अंक कपाटात न ठेवता वाचनकक्षाच्या टेबलावर ठेवावा.