कृष्णकमळ कुणी चोरलं?

काल आईचा सांगलीहून फॉरवर्ड आला. वर लिहिलेलं, 'शेजारच्या मावशींना पाठवू का?' मावशी ख्रिश्चन, दर ईस्टरला त्यांच्याकडून केकचा डबा येतो. म्हटलं, थांब जरा.

मजकूर असा: ईस्टर म्हणजे ईश्वर, लेंट (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) म्हणजे लंघन, लिली म्हणजे लीला, आणि महाभारतातलं कृष्णकमळ मिशनऱ्यांनी चोरून त्याचं 'पॅशन फ्लॉवर' केलं. दहा जणांना पाठवा.

लिली-लीला सोडूनच देते. नुसता आवाज जुळला की व्युत्पत्ती होत असेल, तर 'सांगली' सांगण्यावरून आली म्हणा! लेंट हा जुन्या इंग्रजीतला वसंताचा शब्द, दिवस लांबतात त्यावरून. लंघन आपण पोट बिघडल्यावर करतो.

ईस्टरबाबत थोडं कबूल करावं लागतं. बीड नावाचा इंग्रज मठवासी (मराठवाड्यातला नव्हे) इ.स. ७२५ मध्ये लिहितो, की एओस्त्रे देवीवरून एका महिन्याला नाव पडलं, तेच सणाला चिकटलं. हे नाव पहाटेच्या शब्दाशी जोडतात, म्हणजे आपल्या 'उषस्'चं ते चुलत भावंड. चुलत; पोटचं नव्हे. शिवाय फ्रेंच, पोर्तुगीज लोक सणाला 'पेसाह' या ज्यूंच्या सणाच्या हिब्रू नावावरून आलेलं नाव देतात. मराठी बायबलातलं 'वल्हांडण' म्हणजे तोच पेसाह. त्यात ईश्वर कुठे कोंबणार?

आता चोरी. हा वेल मूळचा अमेरिका खंडातला, मिरची-बटाट्याच्या गावचा. १४९२ मध्ये कोलंबस तिथे पोहोचण्याआधी तो कुरुक्षेत्रावर फुलणार कसा? याकोमो बोसिओच्या १६१० साली रोममध्ये छापलेल्या क्रुसावरच्या ग्रंथात मेक्सिकोहून कळलेल्या या फुलाचं वर्णन आहे. पाच पुंकेसर म्हणजे येशूच्या पाच जखमा, वरचे तीन फाटे म्हणजे खिळे, तंतूंचं वलय म्हणजे काट्यांचा मुकुट. इथे 'पॅशन' म्हणजे यातना, प्रेमबिम नव्हे. वेल आपल्याकडे आला तेव्हा आपण त्याच पाचांचे पांडव केले, तिनांचे ब्रह्मा-विष्णू-महेश, तंतूंचे शंभर कौरव. सुरेख केलं, पण नंतर केलं. मागे आईच्या कुंपणावरचं एक फूल ताटलीत घेऊन टाचणीने कौरव मोजायला बसले होते. साठीनंतर हिशोब चुकला.

आणि ज्यांच्या केकवर आपण ताव मारतो, त्यांनाच 'चोर' म्हणणारा मजकूर पाठवायचा?

फोनवर आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं, नाही पाठवत. पण पांडव पाचच आहेत ना गं?"

आहेत.