सुधारलेल्या ठगाचे ज्ञान आणि त्याचा शब्द

आर्थिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला कंपन्यांनी सल्लागार म्हणून बोलवावे का, या वादात दोन्ही बाजू त्याच्या पश्चात्तापाचीच चर्चा करतात. माझ्या मते तो पश्चात्ताप खरा की खोटा, हे ठरवत बसण्याची कंपनीला गरजच नाही.

अमेरिकेतील 'क्रेझी एडी' या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या साखळीचे हिशेब सांभाळणारा सॅम अँटर गुन्हा कबूल केल्यानंतर तपास अधिकाऱ्यांना आणि लेखापालांना व्याख्याने देऊ लागला. ही साखळी चालवणारे अँटर कुटुंब आधी कर चुकवण्यासाठी रोख विक्री दडवत असे. पुढे १९८४ मध्ये शेअर बाजारात उतरायचे म्हणून त्यांनी ही दडवादडवी टप्प्याटप्प्याने कमी केली, त्यामुळे नफा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी वेगाने वाढताना दिसला. त्यानंतर मालाचा साठा कागदोपत्री फुगवण्यात आला. लेखापरीक्षकांशी अगत्याने वागून, त्यांना गप्पांत गुंतवून तपासणीचा वेळ कसा खाल्ला जाई, हेही अँटर सांगतो. असा तपशील आतल्या माणसाकडूनच मिळतो, आणि सांगणारा मनाने बदलला आहे की नाही यावर त्याचा उपयोग अवलंबून नसतो.

अशा माणसाच्या शब्दावर विसंबणे मात्र निराळे. 'झी बेस्ट' (ZZZZ Best) या गालिचे साफ करणाऱ्या कंपनीच्या नावावर खोटी कंत्राटे दाखवणाऱ्या बॅरी मिंकोला २५ वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर तो धर्मोपदेशक झाला, घोटाळे उघडकीस आणणारी संस्थाही त्याने काढली, आणि तपास यंत्रणांनीही त्याची मदत घेतली. पुढे गृहबांधणी करणाऱ्या 'लेनार' कंपनीविरुद्ध खोटे आरोप पसरवून तिच्या शेअरचा भाव पाडण्याच्या कटाची कबुली त्याने २०११ मध्ये दिली. २०१४ मध्ये तर स्वतःच्याच चर्चमधील पैशांच्या अपहाराचीही दिली. (उपदेश आणि अपहार एकाच छताखाली नांदू शकतात, हे काही नवे नाही.)

म्हणून अशा सल्लागाराला कामाची पद्धत दाखवावी, खात्यांचे अधिकार देऊ नयेत. एकच कर्मचारी पुरवठादाराची नोंद करतो, बिल मंजूर करतो आणि पैसेही पाठवतो का, हे त्याच्या नजरेला चटकन दिसेल. ते त्याच्याकडून जरूर समजून घ्यावे. परंतु त्याच्या मानधनाचे बिलही दोन सह्यांशिवाय मंजूर होऊ नये, आणि तो एखाद्या कंपनीवर आरोप करत असेल, तर तिचा भाव पडल्यास त्याला काय मिळणार आहे, हे त्याच्याकडून आधी लेखी घ्यावे.