पाच रुपयांचा केसपेपर

परवा एका लग्नात पंगतीला बसले होते. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "सरकारने दवाखाने फुकट केले आणि नुसती गर्दी वाढवून ठेवली. फुकटच्या गोष्टीची माणसाला किंमत नसते. पाच-दहा रुपये काय जड आहेत का कुणाला?" लग्नघर होतं, म्हणून तिथे गप्प बसले. इथे लिहिते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीमागे माझी 22 वर्षं गेली. केसपेपरची खिडकी शेजारीच होती, त्यामुळे पाच रुपये जड होतात की नाही हे मला रोज दिसायचं. बीपीच्या एक आजी होत्या. पदराची गाठ दातांनी सोडायच्या आणि नाणी खिडकीच्या फळीवर एकेक करून मांडायच्या. एकदा तीनच रुपये निघाले. "दोन पुढच्या खेपेला देते बाबा." आमचा क्लार्क भला माणूस, त्याने स्वतःच्या खिशातले दोन टाकले. पण आजी पुढचे दोन महिने फिरकल्याच नाहीत. आशाताईंनी घरी जाऊन विचारलं तेव्हा कळलं, दोन रुपयांची उधारी राहिली होती म्हणून त्यांना यायची लाज वाटत होती. तोवर गोळ्या बंद.

दारिद्र्यरेषेखालच्यांना माफी होती ना, असं कुणी म्हणेल. होती. पण भरल्या रांगेत मोठ्याने "पिवळं कार्ड आणलंय का?" असं विचारलं की मागचे दहा जण मान वर करून बघायचे. त्यापेक्षा बरेच जण मुकाट्याने पाच रुपये काढून द्यायचे.

आणि जमा किती व्हायचं? रोजची ओपीडी साधारण 80 पेशंटची, माफीवाले वगळले की दिवसाला कसेबसे अडीचशे रुपये. त्यासाठी पावतीपुस्तक, कीर्द, बँकेत भरणा आणि वर्षाकाठी ऑडिट. भरणा करायला जाणाऱ्याचा अर्धा दिवसच त्याहून महाग पडत असेल.

'फुकटाची किंमत नसते' याचं उत्तर केनियात मिळालंय. तिथे शाळेतल्या मुलांना जंताच्या गोळ्या फुकट होत्या तेव्हा 75 टक्के मुलं घेत होती, थोडे पैसे लावल्यावर 19 टक्के उरली. गरोदर बायकांना मच्छरदाण्या दिल्या, त्यातही हेच दिसलं. किंमत लावली तशी मागणी कोसळली, पण फुकट मिळालेल्यांनी मच्छरदाणी विकत घेणाऱ्यांपेक्षा कमी वापरली असं काही आढळलं नाही.

म्हणून 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतली फी बंद झाली, ते योग्यच झालं. (मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात नव्हती. पेशंटला मात्र कुठलं रुग्णालय कुठल्या खात्याचं हे कसं कळावं, देव जाणे.)

माझी तक्रार दुसरीच आहे. फीचे ते चिल्लर पैसे रुग्ण कल्याण समितीत जायचे. नळाची तोटी, ट्यूबलाइट, संपत आलेला कापूस, असली कामं त्यातून वरच्या मंजुरीची वाट न बघता व्हायची. फी बंद केलीत ना, मग तेवढी रक्कम वेळच्या वेळी आरोग्य केंद्राच्या हातात द्या. नाहीतर डॉक्टर पदरचे घालतात किंवा तोटी गळत राहते.

आणि खरी फी तर माझ्याच खिडकीवर वसूल व्हायची. शुगरच्या गोळ्या संपल्या की मी चिठ्ठीवर 'बाहेरून' असं लिहायचे. मग पेशंट वडापच्या जीपने तालुक्याला जाणार, मेडिकलवर दीडशे-दोनशे रुपये मोजणार, वर त्या दिवसाची मजुरी बुडणार. त्याची पावती कुणी फाडत नाही, त्यामुळे ती कुठल्या कीर्दीतही दिसत नाही. महिन्याच्या गोळ्या असूनसुद्धा, साठा पुरवायचा म्हणून दहाच दिवसांच्या द्यायची वेळ माझ्यावर कितीदा आलीय. म्हणजे त्या माणसाने महिन्यात तीनदा यायचं.

तुमच्या गावच्या दवाखान्यात बीपी-शुगरच्या गोळ्या एकदम महिन्याच्या देतात की दहा दिवसांच्या? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून सांगा.