गच्ची सगळ्यांची, मीटर ज्याचा त्याचा

जर्मनी सौरऊर्जेत पुढे गेला तो पैशामुळे, आपण गरीब म्हणून मागे, असं एका लेखात वाचलं. मला हे अर्धंच पटतं. पैसा होताच, पण 2000 सालच्या कायद्याने तिथे छतावरच्या विजेला 20 वर्षं ठरलेला दर मिळायची हमी दिली. त्या भरवशावर साध्या माणसांनी पॅनेल बसवली. त्याचा भार मात्र कितीतरी वर्षं तिथल्या ग्राहकांच्या बिलावर पडत होता, 2022 मध्ये तो अधिभार काढला. आपल्याला तो मार्ग झेपला नसता, हे मान्य.

आपल्याकडे घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठीच्या, 2024 च्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत स्वतःचं छत असलेल्याला 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. पण मुंबईत स्वतःचं छत असतं किती जणांचं? आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सात मजले आणि गच्ची एकच, त्यातली निम्मी पाण्याच्या टाक्यांनी अडवलेली. सोसायटीला किलोवॅटमागे 18,000 मिळतात, तेही लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी. सर्वसाधारण सभेत तीन वर्षं हा विषय पुढे ढकलला जातोय, कारण वरच्या मजल्यावाल्यांना गळतीची भीती. ती खोटी नाही, पावसाळा आम्हीही बघतो.

जर्मनीत भाडेकरूसुद्धा बाल्कनीच्या कठड्याला पॅनेल लावून 800 वॅटपर्यंतचं यंत्र साध्या सॉकेटला जोडतो, म्हणजे वीज थेट त्याच्याच घरात वापरली जाते. फ्लॅटवाल्यांसाठी असा विचार इथे व्हायलाच हवा.