तोंड कुठे करायचं?

"सव्वासातला सगळ्यांनी गच्चीवर यायचं!" असं मी सकाळीच फर्मान काढलं होतं. अंतराळ स्थानक तसं अधूनमधून दिसतं. पण त्या दिवशी त्याच्या पुढे एक मालवाहू यान पळताना दिसणार होतं. स्थानकापासून सुटून ते जरा खालच्या कक्षेत उतरलेलं, आणि कक्षा खालची की वेग जास्त. हे मी दिवसभर इतक्यांदा समजावलं की शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, आता यानालाच सांग."

मोबाइलमधल्या आकाशाच्या नकाशावर मार्गाची रेघ उजव्या कडेला सुरू होत होती. नकाशात उजवीकडे पूर्व, हे शाळेपासून पाठ. मी खुर्च्या पूर्वेकडे तोंड करून मांडल्या, ट्रायपॉडही तिकडेच रोखला. आईला पाठीला टेकू लागतो, म्हणून ती तेवढी समोरच्या कठड्याला टेकून आमच्याकडे तोंड करून बसली.

सव्वासात वाजले. पूर्वेच्या आकाशात मी एक विमान, टॉवरचा लाल दिवा आणि एक वटवाघूळ शोधून काढलं.

"अरे, तुमच्या मागे ते दोन काय चाललंय?" आई म्हणाली.

"विमान असेल," मी मान न वळवता.

"विमानाचे दिवे लुकलुकतात म्हणालास ना सकाळी? हे लुकलुकत नाहीयेत."

तीन खुर्च्या एकदम फिरल्या, त्यातली एक माझ्या पायावर. पण दिसलं! मागे मोठा, ठसठशीत ठिपका आणि बोटभर पुढे एक बारकुसा, बिनआवाजी सरकत चाललेले. ४०० किलोमीटर वर, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने. त्यांना स्वतःचा उजेड नाही; आमच्याकडे सूर्य मावळला होता, वर त्यांच्यावर अजून ऊन होतं.

डोक्यावरून ते पूर्वेला उतरले. कॅमेऱ्याच्या चौकटीत शिरायला दोन बोटं उरली असताना बारका लालसर होऊन विझला, पाठोपाठ मोठाही. पृथ्वीच्या सावलीत गेले. कॅमेऱ्याने सहा मिनिटं नुसता अंधार टिपला. अगदी स्पष्ट आलाय.

(आकाशाचा नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो, म्हणून त्यात पूर्व डावीकडे असते. हे मला रात्री साडेदहाला कळलं.)

"परत येईल?" बायकोने विचारलं.

"दीड तासात. पण तेव्हा सावलीत असेल, दिसणार नाही."

"मग येऊन काय उपयोग?"

आईचं लक्ष बारक्याकडे होतं. "ते पुढचं कुठे चाललं होतं?"

"सामान पोचवून निघालंय. आता त्यात स्थानकातला कचरा भरलाय. वातावरणात शिरलं की सगळं जळून जाईल."

"म्हणजे कचऱ्याची गाडी."

"तसं म्हण हवं तर."

"कचऱ्याची गाडी बघायला या गुडघ्यांनी दोन जिने चढवलेस मला!"

दुसऱ्या दिवशी सातला बघतो तर आई शाल गुंडाळून जिन्यापाशी उभी.

"आज किती वाजता आहे रे ती गाडी? वेळ तेवढी सांग. तोंड कुठे करायचं ते माझं मी बघते."